हिरवं लुगडं घेऊन गाडी गेली

ये गं शकू, इकडे ये. अशी जवळ बस, आणि तो मोबाईल जरा पालथा ठेव. आधी बोलणी खा, मग चहा मिळेल. शाळेतून रिटायर होऊन तुला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तू गेलीस कुठं? बाजारात, बँकेत आणि गुडघ्याच्या डॉक्टरकडे. परदेशातले म्हातारा-म्हातारी घरासारख्या गाडीत राहून देशभर हिंडतात, त्यांचे व्हिडिओ मात्र रोज सकाळी मला पाठवतेस आणि खाली लिहितेस, "ताई, किती मजा ना!" नुसतं मजा मजा लिहून पाय मोकळे होतात का गं? मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, आणि मी जाऊन आले. आता ऐक. तू तिकडं नागपूरला, म्हणून हे लिहूनच पाठवते. तुझ्यासोबत बाकीच्याही वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगते. मध्ये उठायचं नाही.

आमचे हे, म्हणजे तुझे भाटवे, थोरल्या बहिणीचे यजमान, बत्तीस वर्षं लाल बस चालवत होते. भंडारा-तुमसर, भंडारा-पवनी, फार तर नागपूर. दुसऱ्यांना गावोगाव पोचवण्यात जन्म गेला, स्वतः कुठं उतरून पाहिलं नाही. मला समुद्र पाहायचा होता, लग्नापासून. "रिटायर झालो का जाऊ," म्हणायचे. झाले रिटायर, पुढची दहा वर्षं आज-उद्या करण्यात गेली, आणि मग एक दिवस एका शाळेची जुनी मिनीबस घेऊन आले. पिवळी, बसायची बाकडी काढलेली. आमच्या शहापूरच्या सुताराकडून तिच्यात दोन दिवाण ठोकून घेतले, एक ओटा, वर भांड्यांची फळी, मागं पाण्याची टाकी. फोडणीचा धूर पुढं येतो म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागं प्लायवूडची भिंत लावली. आता भिंत झाली तर मी मागून यांना हाक कशी मारणार? तर यांनी भंगारातून जुन्या बसची घंटा शोधून आणली! छताखालून दोरी ओढून पार मागच्या दारापर्यंत नेली. एक घंटा म्हणजे थांबा, दोन घंटा म्हणजे चला. "आता तू माही कंडक्टर," मला म्हणाले. मी म्हटलं, "तिकीट कोनं काढाचं?"

हसू नको. गाडी तयार झाली आणि त्याच हिवाळ्यात ती गोष्ट घडली.

हे भंडाऱ्याला औषधं आणायला गेले आणि दुपार टळून गेली तरी परत नाहीत. शेजारचा गेला शोधायला. हे बस स्टँडच्या बाकावर बसलेले, औषधांची पिशवी मांडीवर. "काहून बसले?" म्हटलं तर म्हणाले, "घरचा रस्ताच सुचला नाई." शकू, आपल्या मामांचं काय झालं होतं ते आठवतं ना? शेवटी शेवटी मामीलाच विचारायचे, बाई तुम्ही कोणाच्या? डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, रक्तात एक जीवनसत्त्व कमी आहे, इंजेक्शनं घ्या, गाडी चालवायला हरकत नाही, पण घरच्यांनी लक्ष ठेवा. सीमा तिकडून पुण्याहून फोनवर रडली. "आई, बाबांची गाडी विकून टाक." मग बापलेकीचं भांडण, आणि शेवटी ठरलं असं, की आधी आपल्याच जिल्ह्यात आठ दिवस फिरा. नीट परत आलात तर समुद्र. काही झालं तर गाडी विकायची.

म्हणजे लोकांना वाटलं आम्ही फिरायला निघालो. मी निघाले होते यांच्यावर लक्ष ठेवायला.

गोसीखुर्द

संक्रांत झाली आणि निघालो. यांना सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनीच निघायचं होतं, कारण पवनीची पहिली गाडी तेव्हा सुटायची. मी म्हटलं, आपल्याला कोणते पॅसेंजर घ्यायचे आहेत? तरी सहा दहालाच निघालो. आणि ऐक, अड्याळच्या स्टॉपवर सवयीनं गाडी उभी केली, तर दोन बाया आणि एक कोंबडी मागच्या दारानं आत चढून दिवाणावर बसल्या. माझा ओटा पाहून एक दुसरीला म्हणते, "बाप्पा, आता गाडीत चहा बी देते काय?" दिला चहा. पवनीला उतरल्या. पैसे देऊन राहिल्या होत्या, मी नाही घेतले.

गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगाला पुनर्वसनाचं एक गाव आहे, तिथं पाण्याकडेला गाडी लावली. पाणी पाहशील तर डोळा पोचत नाही. सकाळी धुकं असं बसतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं कळत नाही. मी यांना म्हटलं, हाच समुद्र समजा. तर म्हणाले, "समुद्र खारा राह्यते. हे आपली वैनगंगाच हाय. कायले तिले दुसऱ्याचं नाव देतं?"

तिथं कमलाबाई भेटली, माझ्याच वयाची. बकरी चारायला यायची. पहिल्या दिवशी लांबून पाहिलं, दुसऱ्या दिवशी सरळ दारात येऊन म्हणाली, "आत पाहू काय वो?" पाहिलं सगळं. दिवाण दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला, घंटेची दोरी पाहिली. मग पायरीवर बसली आणि पाण्याकडं बोट दाखवलं. "थो वाळला झाड दिसून राहिला काय? थ्याच्या अंगनात माहं घर." पाण्यातून एका झाडाचा शेंडा वर आला होता, त्याच्यावर दोन पाणकावळे पंख वाळवत बसलेले. नवीन गावातलं घर पक्कं आहे म्हणाली, रस्ता आहे, वीज आहे, पण सासूनं लावलेला आंबा तिकडंच राहिला. मग माझ्या गाडीच्या चाकावर थाप मारून म्हणाली, "माह्या घराले असे चाकं असते, तं मी बी घेऊन आली असती."

मी तिच्या बाजूला पायरीवर बसले. नवऱ्यानं पकडलेले मासे तिनं आणून दिले. मी तांदूळ टाकले, तिघांनी तिथंच खाल्लं. मासे तिनं रांधले, कारण माझ्या हातचा मसाला तिला मवाळ वाटला. निघताना तिच्या बकरीचं दावं तुटलं, म्हणून मी माझी कपडे वाळवायची दोरी तिला देऊन टाकली. ही दोरी लक्षात ठेव. पुढं हिच्यामुळंच रामायण झालं.

आणि यांच्यावर माझं लक्ष चालूच होतं बरं का. सकाळी हळूच विचारायचं, "काल रात्री भाजी कायची होती हो?" दुपारी, "ते बाई कोन्या गावची म्हने?" हे सगळं बरोबर सांगायचे. पण एकदा "वांग्याची" म्हणाले आणि होती वालाच्या शेंगांची, तर माझं जेवण गेलं. नंतर आठवलं, शेंगांत चार वांगी मीच टाकली होती.

सिहोऱ्याकडे

पवनीला दोन दिवस राहून, घाटावर पाय बुडवून, मग उलटं वर आलो. भंडारा, मोहाडी, तुमसर आणि पुढं सिहोऱ्याकडे. धान कापून नेलेलं, बांध्या, धानाची ती खाचरं, रिकामी, पण त्यात लाखोळी अशी हिरवी आणि निळ्या बारीक फुलांची की यांनाही गाडी हळू करावी लागली. सिहोऱ्याच्या अलीकडं एका गावच्या तलावाच्या पाळीवर मोहाची झाडं आहेत, त्यांच्याखाली जागा चांगली वाटली. संध्याकाळी गाडी लावतो न लावतो तोच पन्नास माणूस गोळा.

"नाटक कोनतं हाय वो?"

मला कळेचना. मग लक्षात आलं. आपल्या झाडीपट्टीत हे दिवसच नाटकांचे. पडदे लावलेली रंगीत गाडी गावात शिरली की नाटक कंपनीच आली म्हणायची. मी सांगितलं, अवो, आम्ही नवरा-बायको, फिरायला आलो. कोणी मानेना. एक धिप्पाड बाई, सरजाबाई तिचं नाव, मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "मंग हिरोईन कोन?"

मी म्हटलं, "मीच होय."

"अन् हिरो?"

हे तोंड धूत होते. टॉवेलातून तोंड काढून म्हणाले, "हिरोले आंधी चहा पाहिजे."

असं हसली माणसं! नाटक नाही तर नाही, पण बसून गेली. कोणी शिंगाडे आणले, कोणी वाटीभर जवसाची चटणी. आमच्या रस्त्याकडच्या गावात पाहुणा आला की गेट उघडायच्या आधी "कोण?" विचारतात. इथं आधी पाट मांडतात, मग विचारतात.

सकाळी मात्र आमचं बिनसलं. मी धुण्याला बसले होते, सहज विचारलं, "तुमसरहून इकडं येताना पहिला स्टॉप कोणता लागला हो?" यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"तू माही परीक्षा घेऊन राहिली काय? रोजची?"

मी म्हटलं, "नाई बा, आपलं असंच."

"असंच नोको. बत्तीस वर्षं या रस्त्यानं लोकं नेले मी." एवढंच बोलले आणि गावात दूध आणायला निघून गेले. आले तर गप्प. जेवले, गप्प. दुपारून चांदपूरला जायचं ठरलेलं होतं. तर आपल्या सीटवर जाऊन बसले, पेपर उघडला आणि मी निघायचं कधी म्हणते त्याची वाट पाहू लागले. मीही म्हटलं, राहू दे, मीही बोलत नाही.

आता दोरी. माझी दोरी कमलाबाईच्या बकरीच्या गळ्यात. मग सकाळी, हे दुधाला गेले तेव्हा, मी काय केलं? मागच्या दाराशी छान गुळगुळीत मजबूत दोरीचा वेढा लटकत होता, तो सोडला, खिडकीतून बाहेर काढला, मोहाच्या झाडाला सैलसर अडकवला आणि त्यावर दोन लुगडी वाळत घातली. एक जांभळं, एक हिरवं. हिरवं म्हणजे तू दिवाळीला दिलेलं.

समजलीस ना? मला नाही समजलं.

दुपारी जांभळं ओढून काढलं. मग हिरव्याला हात घातला, ते गाठीत अडकलेलं, म्हणून एक झटका दिला. तलावापलीकडं धानाची गिरणी धडधडत होती, आणि डाव्या कानानं मला कमी येतं हे तुला ठाऊकच आहे. तेवढ्यात गाडीनं धूर सोडला. मी म्हटलं, इंजिन गरम करत असतील. गाडी हलली. म्हटलं, सावलीला घेत असतील. गाडी पाळीवरून खाली उतरली, रस्त्याला लागली, आणि गेली. झाडाची गाठ सुटून दोरी मागं फरफटत, आणि दोरीला माझं हिरवं लुगडं झेंड्यासारखं फडफडत.

मी हातात जांभळं लुगडं घेऊन उभी. ओरडलेसुद्धा नाही गं. डोक्यात एकच आलं, झालं. जे व्हायचं ते झालं. हे मला विसरले.

सरजाबाई लाखोळीची भाजी खुडून बांधीतून वर येत होती. तिनं सगळं पाहिलेलं. टोपली ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, "काय वो हिरोईन, हिरो तं पळाला!"

दुसरी म्हणाली, "एकटा नाई गेला. हिरव्या लुगड्यावाली होती ना मांगं!"

मी खाली बसले आणि रडायला लागले. तशी सरजाबाई जवळ आली. "अवो, मजाक केली. नंबर सांग त्याचा, लावतो फोन." माझा मोबाईल गाडीत. तिनं आपला पुढं केला. आणि शकू, काय सांगू तुला. मला नंबर येईना. पहिले चार आकडे आले आणि पुढं सगळं कोरं. यांचा नाही, सीमाचा नाही, तुझाही नाही. रोज नवऱ्याला भाजी विचारणारी बाई मी!

"मी जातो चालत," मी म्हटलं.

"कोठी जातं? तू इकडून जाशीन, थो तिकडून येईन. बस इथंच." मग माझ्या मांडीवर भाजीची टोपली ठेवली. "खुड. हात चालू राह्यले का मन जागेवर राह्यते."

बसले खुडत. कोवळे शेंडे एकीकडं, जाड देठ दुसरीकडं. सरजाबाई मला एक शब्द विचारत नव्हती, आपलं आपलंच बोलत होती, सुनेबद्दल, रानडुकरांबद्दल. मी मनात ठरवत होते. सीमाला सांगायचं, गाडी विकते. यांना नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं. आणि मामी जशी मामांना सांगायची, मी तुमची बायको, तसं मला रोज सांगावं लागलं तर मी कसं सांगेन, तेही ठरवत होते. खोटं नाही सांगत.

टोपली संपत आली तेव्हा हॉर्न वाजला. लांब, मग आखूड. हा हॉर्न मी बत्तीस वर्षं ओळखते. गावच्या फाट्यावर आले की हाच वाजवायचे, म्हणजे मी भात टाकावा.

गाडी सरळ पाळीवर आली, त्याच झाडाखाली, सकाळच्याच चाकोरीत उभी राहिली. हे उतरले. टोपी नाही, घाम आलेला, हातात हिरव्या लुगड्याचा बोळा, धुळीनं भरलेला. माझ्याकडं आले आणि मी काही म्हणायच्या आतच ओरडले.

"चढाच्या आंधी डबल बेल देते काय कोनी?"

"मी? मी कोठी दिली बेल?"

"दिली ना! टण, टण. दोनदा. साफ ऐकली मी."

मी लुगड्याच्या बोळ्याकडं पाहिलं. बोळ्यातून लोंबणाऱ्या दोरीकडं पाहिलं. ती दोरी खिडकीतून आत गेलेली. जांभळं लुगडं ओढलं, एक घंटा. हिरव्याला झटका दिला, दुसरी घंटा.

"अन् मांगं पाह्यलं नाई तुमी?"

"ड्रायव्हर मांगं पायते काय? मांगं पाहाले कंडक्टर राह्यते!"

मग कळलं सगळं. हे चांदपूरपर्यंत गेले. तलाव दिसेल अशा ठिकाणी गाडी लावली. मी मागून उतरून चहा ठेवीन म्हणून वाट पाहत बसले. मी काही उतरेना. यांना वाटलं, अजून रागात आहे. "मनलं, हिचा राग आज लंबा दिसते." म्हणून हेही हटून बसले! शेवटी भिंतीवर टकटक करून म्हणाले, "चुकलं माह्यं, चहा दे." उत्तर नाही. तेव्हा मागं जाऊन दार उघडलं.

म्हणजे रिकाम्या गाडीची माफी मागितली गं यांनी. मला आधी हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. हसताना श्वास लागला, सरजाबाईनं पाठीवर थापट्या मारल्या. "हिरो वापस आला वो," ती गिरणीकडं तोंड करून ओरडली, "नाटक सुरू करा!"

चांदपूर

चांदपूरला गेलो ते उन्हं कलताना. या वेळी मी पुढं बसले, यांच्या बाजूच्या सीटवर. मारुतीचं दर्शन घेतलं, मग तलावाकाठी भात टाकला आणि सरजाबाईनं पदरात बांधून दिलेली लाखोळीची भाजी केली, लसूण आणि लाल मिरची, बाकी काही नाही. जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मले वाटलं, तुमी मले भुलले."

यांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी स्टँडवर मी भुललो नव्हतो."

"मंग?"

"येस्टीच्या बशी पाहून राहिलो होतो. तुमसरची लागली, पवनीची लागली. कोनता ड्रायव्हर कसा काढते गाडी, ते पाहात राह्यलो. टाइम कसा गेला, समजलं नाई. अन् शेजारचा आला अन् विचारे, काहून बसले? आता त्याले काय सांगू? माह्यं घरी मन नाई लागत म्हनून बसलो? त्याच्यापरीस रस्ता सुचला नाई मनलं. मंग तुमी लोकायनं डॉक्टर गाठला. मंग सांगाले लाज वाटली."

शकू, माझ्या छातीवरून धानाचं पोतं उतरावं तसं झालं. राग यायला हवा होता, इतके दिवस माझी झोप उडवली. नाही आला. मी यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. इंजेक्शनं चालू आहेत, पुढच्या तपासणीलाही नेणार, ते मी सोडणार नाही. पण मामांसारखं नाही. एवढं कळलं, पुरे झालं.

तेवढ्यात सीमाचा फोन. "आई, सगळं ठीक? काही झालं तर नाही ना?"

मी यांच्याकडं पाहिलं. यांनी फोन हातात घेतला. "काई नाई झालं बेटा. एक पॅसेंजर मांगं राह्यली होती. वापस जाऊन घेतली."

नंतर मी सीमाला सगळं खरं सांगितलं, लपवलं नाही. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा तुला आणायला परत गेले ना? मग जा समुद्राला."

तेव्हा आता जाणार. रत्नागिरीकडे, होळीच्या आत, ऊन तापायच्या आधी. कपड्यांची नवी दोरी घेतली आहे, निळी, घंटेच्या दोरीपासून दूर ठेवते. यांचा नंबर पाठ केला आहे. हवं तर आत्ता म्हणून दाखवते. हिरवं लुगडं तीनदा धुतलं तरी काठाची धूळ जात नाही. तेच नेसून समुद्र पाहणार.

आणि दुसरा दिवाण रिकामा आहे गं. यांनीच सांगितलं, "शकूले बोलाव, तिचे गुडघे गाडीतच राह्यतीन, चालाचं काम नाई." बसमध्ये बसलीस तर नागपूरहून शहापूर ते किती लांब? हायवेवर उतरलीस की पिवळी गाडी लिंबाखाली दिसेल. या आठवड्यातच ये. हे रोज सकाळी सहा दहाला सीटवर जाऊन बसतात आणि मी मागून एकच घंटा देते, थांबा म्हणून. तू चढून दिवाणावर नीट बसलीस हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही दोन घंटा देत नाही.